सुटे तास मिळत नाहीत

१४ जानेवारी

कोरीनचा फोन आला. दीड वर्षानं. मी एका नवरीच्या कमरेला टाचण्या लावत होते आणि चार टाचण्या ओठांत धरलेल्या, त्यामुळे पोटच्या पोरीला मी पहिल्यांदा काय म्हटलं, तर "म्म्म." ती हसली. हसणं तेच आहे, बदललेलं नाही.

म्हणाली, आई, तू एकदा इकडे ये. पहिला कोर्स फक्त पस्तीस डॉलरचा आहे. तुला आवडेल, तू चौकस आहेस.

चौकस म्हणजे नाक खुपसणारी, हे तिला सभ्य भाषेत म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू? लहानपणी मी नाताळच्या भेटी किटलीच्या वाफेवर उघडून बघायचे आणि परत अशा चिकटवायचे की माझ्या आईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. बंद पाकीट मला बघवत नाही. आणि गेली सहा वर्षं माझी पोरगी हे एक बंद पाकीट होऊन बसली आहे. बावीस वर्षांची असताना ती पुलापलीकडच्या हार्बरमध्ये कामाला लागली, म्हणजे राहायलाच गेली. हार्बर हे चर्च आहे असं ते म्हणतात. क्रूस नाही, गाणं नाही. समुद्राकाठचं एक जुनं हॉटेल पांढरं रंगवलंय आणि त्यात माणसं एकेक पायरी चढत आतून स्वच्छ होतात. सहा नाताळ तिची खुर्ची रिकामी होती. तिथं असं काय आहे जे आमच्या घरात नाही, हे मला कळायला हवं. आणि ती परत या टेबलाशी बसायला हवी. या दोन गोष्टी, बाकी काही नको.

ऑर्विलला सांगितलं. तो बोटीच्या मोटारीत हात घालून बसला होता. म्हणाला, "पोरगी दीड वर्षानं फोन करते आणि पस्तीस डॉलर मागते. स्वस्तात सुटलो म्हणायचं."

मी जाणार आहे.

२० जानेवारी

जाऊन आले. पाय दुखताहेत पण डोकं टवटवीत आहे.

एका अनोळखी माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसवलं आणि सांगितलं, बघत राहा. हसायचं नाही, हलायचं नाही. समोर एक विमा विकणारा होता. पंधराव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी वर्षं लोकांच्या कंबरा आणि बाह्या बघत आले, चेहरा इतका वेळ कुणाचाच बघितला नव्हता. ऑर्विलचासुद्धा नाही. मला मजा आली. तिथं गेले ती वाकडं शोधायला, आणि मजा आली, हे लिहून ठेवते.

कोरीन नंतर कॉफीच्या खोलीत वीस मिनिटं भेटली. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, सगळ्यांना तोच. स्कर्टची खालची दुमड हातानं घातलेली, वेडीवाकडी. माझ्या मुलीच्या स्कर्टची! वाळलीय. मिठी मारली तेव्हा खांद्याची हाडं लागली.

मार्ला नावाची एक बाई आहे, तिथली सल्लागार. दात छान आहेत. मी विचारलं पुढच्या कोर्सची किंमत काय, तर तिनं प्रेमानं माझा हात दाबला. किंमत म्हणायचं नाही म्हणे, देणगी म्हणायचं. मग देणगी किती? तर ती ठरलेली आहे. घरी येऊन ऑर्विलला सांगितलं, तो म्हणाला मीही आता लोकांच्या मोटारी दुरुस्त करून देणगीच घेणार, आणि दिली नाही तर पाना फेकून मारणार.

त्यानं एवढंच विचारलं की तिनं काही खाल्लं का.

३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा श्रोत्यासमोर बसले, म्हणजे आपलं मन ऐकून घेणारा त्यांचा माणूस. डेस्मंड नाव. माझ्या धाकट्या भावाएवढा असेल, आवाज मऊ. मध्ये टेबल, त्यावर काटा असलेलं एक यंत्र, त्याच्या दोन नळ्या आपण हातात धरायच्या. मनात काही अडकलं असलं की काटा अडकतो, मोकळं झालं की काटा तरंगतो. काट्याला खोटं चालत नाही, असं डेस्मंड म्हणाला.

तो विचारतो आणि गप्प बसतो. घड्याळ बघत नाही, मध्येच स्वतःचं घोडं दामटत नाही. मी माझ्या आईबद्दल बोलले, गेलेल्या बाळाबद्दल बोलले, कोरीनच्या आधीच्या. ते मी पस्तीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. बाहेर आले तर समुद्र जरा जास्तच निळा दिसत होता. आता याला कोणी वेडेपणा म्हणो.

तासाला अडीचशे डॉलर. सुटे तास मिळत नाहीत, बारा तासांचा गठ्ठा घ्यावा लागतो. तीन हजार. शिवणाच्या डब्यातले काढून दिले.

४ फेब्रुवारी

ऑर्विलला तीन हजार कळले. चिडला नाही. बिअरचे दोन रिकामे डबे धुऊन पुसून माझ्या हातात दिले, समोर बसला आणि म्हणाला, "बोल. मी तासाला वीस डॉलर घेतो, आणि सुटा तास पण मिळेल."

मी बोलायला लागले. साताठ मिनिटांत तो घोरत होता. डबे हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. अडीचशे डॉलर कशाचे, ते माझं मला कळलं.

७ मार्च

शाळांच्या नाचाचे दिवस. घरभर चमकीचे गाऊन, चहात पण चमकी सापडते. कमाई बरी, पण इकडून येते नि तिकडे जाते.

कोरीन आता दर गुरुवारी फोन करते. दर गुरुवारी! ऑर्विल त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात काहीतरी शोधत बसतो. आज तिनं विचारलं, मागच्या खोलीत माझा पलंग अजून आहे का. आहे, म्हटलं, पण त्यावर गाऊनचे ढीग आहेत. मग विचारलं, खिडकीला निळे पडदे? मला वाटतं हा त्यांच्या एखाद्या कोर्सचा अभ्यास असावा. जुन्या गोष्टी आठवायच्या, एकेक करून. मी सगळं नीट सांगितलं, पडद्याला भोक पडलंय तेही.

२३ मार्च

दुसरी पायरी झाली! खोलीभर माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती. माझ्यासाठी कुणी असं उभं राहिलेलं मला तरी आठवत नाही, लग्नातसुद्धा सगळे ऑर्विलच्या मावशीकडे बघत होते कारण ती पडली होती.

आणि आता तिसरी पायरी. ती पाकिटात असते. खरंखुरं पाकीट, लाखेनं बंद केलेलं. आत काय आहे ते चढलेल्यांनी सांगायचं नाही आणि न चढलेल्यांनी विचारायचं नाही. आधीच वाचलं तर माणूस आजारी पडतो म्हणे. मला ते दाखवलं, काचेच्या कपाटात, लांबून. आता माझी झोप उडाली की नाही?

अठरा हजार. मार्लानं एकदाही द्या म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "ग्लेनिस, तुम्हाला अडवतंय कोण?" आणि सांगितलं की तिसऱ्या पायरीला कोरीन माझ्याबरोबर बसेल, अभ्यासाची जोडीदार म्हणून. रोज दोन तास.

हे मी ऑर्विलला जेवताना सांगितलं. अठरा हजार ऐकून त्यानं काटा-चमचा खाली ठेवला. रोज दोन तास ऐकून परत उचलला.

२९ मार्च

ऑर्विलनं बोट विकली. मला न विचारता. अकरा हजार आले, आणि छपरासाठी ठेवलेले सात त्यात घातले. मी म्हटलं, अरे, छप्पर या पावसाळ्यात टिकेल का? तो म्हणाला, बादल्या आहेत.

एकच अट घातली. जाशील तेव्हा रिकाम्या हातानं जायचं नाही, पोरीला खायला न्यायचं.

१८ एप्रिल

बोट नाही तर ऑर्विल पुलाखालच्या धक्क्यावरून जाळं टाकतो. मुलेट मासे मिळाले, मागच्या शेडमध्ये धुरावर ठेवले, आज डबा भरून दिला. कोरीननं उभ्या उभ्या खाल्ले. खरं तर ते बिस्किटांवर, म्हणजे घरच्या मऊ पावांवर, घालून खायचे असतात, तिनं नुसते हातानंच खाल्ले. उरलेले रुमालात गुंडाळून खिशात टाकले. मी म्हटलं, अगं, खिशाला वास लागेल. ती म्हणाली, लागू दे.

मग हळूच विचारलं, मागच्या दाराची किल्ली अजून कोरफडीच्या कुंडीखाली असते का? म्हटलं, मग कुठं असणार, ती जागा गावातल्या चोरांनासुद्धा पाठ आहे. तिला हसू आलं नाही. दाराकडे बघत होती.

आणि मला लख्ख कळलं. अकरा जूनला मी साठ वर्षांची होते. पोरगी मला चकित करायला यायचं ठरवतेय! पलंग, पडदे, किल्ली... आता आलं लक्षात. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

तो वाकडा स्कर्ट मला बघवेना. म्हटलं दुसरा घाल, हा दे, नीट करून देते. आधी नको म्हणाली. मग दिला, पण म्हणाली, शिवण उसवू नकोस, वरच्यावर टीप मार.

२० एप्रिल

उसवली. मला उसवू नको सांगणं म्हणजे बोक्याला दूध राखायला सांगणं.

दुमडीच्या आत एकेक डॉलरच्या नोटा, इस्त्री करून सपाट केलेल्या, एकापुढे एक. आठवड्याला पन्नास डॉलर मिळतात पोरीला, त्यातून हे साठवलंय. माझ्या वाढदिवसाची भेट! मी तिथंच मशीनसमोर थोडी रडले. मग माझ्याकडच्या दोन वीसच्या नोटा त्यांच्या मागे सरकवल्या आणि अशी टीप घातली की तिला स्वतःला पण कळू नये.

कोणाला सांगणार नाही, ऑर्विललाही नाही. या धंद्यात एक नियम आहे: अस्तरात जे सापडलं ते अस्तरातच राहतं. नवरीमागून नवरीचे गाऊन मी शिवून काढले. कुणाच्या कोटात कुणाची चिठ्ठी होती, कुणाच्या पोलक्यात कुणाचा फोटो, आजवर ब्र काढलेला नाही. मी नाक खुपसते, पण तोंड उघडत नाही.

६ मे

हे काय नवीनच निघालं. पाकीट हातात मिळण्याआधी तपासणी असते. मन पूर्ण रिकामं हवं. डेस्मंड विचारत राहतो, काय राहिलंय, काय लपवलंय, आणि काटा मोकळा होईपर्यंत उठता येत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. याचे तासाला चारशे, आणि ते त्या अठरा हजारांतून कापले जातात. जेवढे कापले तेवढे परत भरायचे, मगच पाकीट.

आज तीन तास झाले. काटा अडकलेलाच. मी शाळेतली पेन्सिल चोरलेली सांगितली, चर्चच्या भोजनातली अंडी सांगितली, ऑर्विलच्या आधीचा तो रेडिओवाला पण सांगितला. काटा ढिम्म.

८ मे

सुटले! पाच तासांत सुटले, दोन हजार गेले पण सुटले.

झालं असं, चौथा तास संपून पाचवा लागला तेव्हा मला दर मिनिटाला ऑर्विलची बोट दिसायला लागली. आज तिचा पंखा गेला, आता सुकाणू गेलं. डेस्मंड म्हणाला, "ग्लेनिस, मुलीचं नाव आलं की काटा थांबतो. तिच्याबद्दल काय आहे?" मी म्हटलं काही वाईट नाही हो, चांगलंच आहे. तो म्हणाला, चांगलं असलं तरी दडवलं की दगड होतो.

मग सांगून टाकलं. पोरगी मला न सांगता घरी यायचं ठरवतेय, पलंगाचं विचारते, किल्ली कुठं असते विचारते, आणि मी माहीत नसल्याचं सोंग करतेय, कारण तिचा आनंद मोडायचा नाही. सांगताना मला हसू येत होतं. काटा सुटला आणि तरंगला. डेस्मंडनं लिहून घेतलं आणि म्हणाला, आभारी आहे.

अस्तरातल्या नोटांचं काही बोलले नाही. काट्यानंही विचारलं नाही. ते लपवणं नाहीच, तो धंदा आहे.

येताना धक्क्यावर बसून तळलेल्या माशाचं सँडविच खाल्लं, एकटीनं, अख्खं. हलकं वाटत होतं.

९ मे

गुरुवार. फोन नाही. काम असेल.

१६ मे

फोन नाही.

२१ मे

मार्लाला विचारलं. तिनं अभिनंदन केलं. कोरीनला बढती मिळालीय, आतल्या भागात, हार्बरचा मोठा मळा आहे तिथं. पुलावरून तीन तास. तिथं फोन नसतात, मन एकाग्र व्हायला. मग तिसऱ्या पायरीला माझ्याबरोबर कोण बसणार? तर दुसरी एक मुलगी आहे, फार गोड आहे.

मला गोड मुलगी कशाला? मी विचारलं मळा कोणत्या रस्त्याला आहे, तिथं काय पिकतं, बढती म्हणजे कोणतं काम, पगार वाढला का. मार्लानं दात दाखवले आणि म्हणाली, तुमच्या मनात आज फार प्रश्न आहेत, तपासणीचा एखादा तास घेता का?

घरी ऑर्विल मुलेट साफ करत होता, उद्याच्या डब्यासाठी. बढतीचं सांगितलं. त्यानं सुरी थांबवली आणि विचारलं, "तू तिथं काय बोललीस?"

सगळं सांगितलं. पलंग, पडदे, किल्ली, वाढदिवस. त्यानं सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि शेडमध्ये जाऊन बसला. शेडमध्ये धूर नव्हता, मासा नव्हता. मला वाटलं दोन हजारांसाठी रुसलाय.

११ जून

साठ झाले. केक ऑर्विलनं आणला, लिंबाचा टार्ट पण त्यानंच केला. दुपारभर मागचं दार उघडं ठेवून बसले. किल्ली कुंडीखाली आहे का ते दोनदा बघितलं.

संध्याकाळी ऑर्विल म्हणाला, "ग्लेनिस, ती भेट द्यायला येणार नव्हती. ती यायचीच होती. कायमची."

मी म्हटलं, हे तुला कधी कळलं? तो म्हणाला, ती मासे खिशात घालते म्हणालीस, तेव्हा.

१२ जून

काल पुढे लिहिता आलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर पैसे मोजून दाखवलं. पोरगी एकेक डॉलर शिवत होती, दार कुठं उघडं आहे ते चाचपत होती, आणि तिची आई तासाला चारशे देऊन ते त्यांच्याच कानात सांगून आली. वर सँडविच खाल्लं. अख्खं. मला माझी घृणा येते.

आणि खरं सांगू? इतकं होऊनही मनात कुठंतरी येतं की त्या पाकिटात काय असेल. अशी मी आहे.

१९ जून

उरलेले सोळा हजार परत मागायला गेले. मार्ला हसली नाही, पहिल्यांदाच. पैसे परत मिळतात, म्हणाली, अर्ज करता येतो. पण जो अर्ज करतो तो बाहेरचा ठरतो. आणि बाहेरच्याशी आतल्या कुणी बोलायचं नसतं, पत्र नाही, फोन नाही, आई असली तरी नाही.

मी अर्ज केला नाही. सोळा हजार तिथं ठेवून आले, म्हणजे निदान मी आतली आहे. दारातल्या एका पोराला सहज विचारलं, इथलं काम सोडून कुणी गेलं तर? तो म्हणाला, जाता येतं की. पण इतकी वर्षं जे कोर्स फुकट केले त्यांचं बिल पाठवतात. फुकटच्याचं बिल! मी आयुष्यात अनेक बिलं बघितली, हे नवीन.

११ जुलै

वादळ शंभर मैलांवरून गेलं तरी तीन बादल्या भरल्या. एक मागच्या खोलीत, तिच्या पलंगावर. गाऊन मी आधीच काढले होते. निळे पडदे रफू करून लावले.

बादलीत थेंब पडताना एक गोष्ट डोक्यात आली. त्या खोलीत मी जे बोलले ते चोवीस तासांच्या आत तिच्यापर्यंत पोचलं. फोन नाही, पत्र नाही, पण ते पोचलं. म्हणजे तिच्यापर्यंत जायची वाट आहे. फक्त त्या वाटेला तासाचे चारशे पडतात.

ऑर्विलला सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला, हसला नाही, हलला नाही, जणू त्यानंही पस्तीस डॉलर भरलेत.

१३ जुलै

काट्याला खोटं चालत नाही, म्हणून आधी खरं केलं. सकाळी ऑर्विलनं मागच्या दाराचं कुलूप काढलं. नुसतं उघडलं नाही, स्क्रू काढून अख्खं कुलूप काढलं. दाराला गोल भोक राहिलं, त्यातून कोरफड दिसते.

मग मी पुलापलीकडे गेले आणि मार्लाला म्हटलं, मनावर दगड आहे, एक तास द्या. आनंदानं दिला.

नळ्या हातात घेतल्या. डेस्मंडनं विचारलं काय लपवलंय. मी म्हटलं, "मी माझ्या मुलीच्या बाजूनं आहे. आमच्या मागच्या दाराला आता कुलूपच नाही. किल्ली लागत नाही. आणि तिचा स्कर्ट मी उसवून शिवलाय, तिनं नको सांगितलं असताना."

काटा लगेच तरंगला. डेस्मंडनं एकेक शब्द लिहून घेतला. स्कर्टचं ऐकून त्यानं मान पण वर केली नाही. पुरुषाला शिवणकामात काय कळतंय. तास मात्र पूर्ण कापला, सुटी मिनिटं मिळत नाहीत.

घरी येताना पुलावर एकच विचार. ते हे सगळं तिच्यासमोर वाचून दाखवतील, तुझी आई अशी आहे बघ म्हणून. वाचू देत. मोठ्यानं वाचू देत.

८ ऑगस्ट

काही नाही. रोज त्या भोकातून डास येतात. ऑर्विल बोळा कोंबत नाही, मी पण नाही.

२२ ऑगस्ट

मार्लाचा फोन. पाकीट वाट बघतंय म्हणाली. म्हटलं, मी पण.

५ सप्टेंबर

आज दुपारी टपालात हार्बरचं जाड पाकीट. मी तिथंच, पेटीपाशी, भर उन्हात फोडलं. वाफ नाही, किटली नाही.

बिल. कोरीन ट्रंबल हिनं सहा वर्षांत घेतलेल्या सर्व पायऱ्यांची देणगी, एकतीस हजार चारशे डॉलर. कर्मचारी म्हणून सवलत रद्द.

मला खालीच बसावं लागलं. ऑर्विल लंगडत धावत आला, त्याला वाटलं ऊन लागलं. मी कागद वर धरला. त्यानं आकडा वाचला, परत वाचला, मग माझ्याकडे बघितलं. मी फक्त मान हलवत होते. हे बिल ते सोडून गेलेल्यांनाच पाठवतात.

आम्ही दोघं म्हातारे टपालपेटीपाशी एकमेकांना धरून रडत होतो आणि शेजारचा माणूस गवत कापायचं थांबवून बघत होता. त्याला वाटलं असेल कुणी गेलं. हो, गेलं. पोरगी तिथून गेली.

कुठं आहे, कशी आहे, काही माहीत नाही. मी म्हटलं एकतीस हजार आणायचे कुठून. ऑर्विल म्हणाला, "देणगी लिहिलंय ना? मग आपण देत नाही." आणि जाळं घेऊन धक्क्यावर गेला.

७ सप्टेंबर

शनिवार. सकाळपासून शेडमध्ये धूर. मी आत मशीनवर. मागचं दार वाजलं नाही, नुसतं ढकललं गेलं.

तोच निळा स्कर्ट. खालची दुमड पुढून मागून पूर्ण उसवलेली, दोरे लोंबत होते. म्हणजे बसचं तिकीट झालं. मी दोऱ्यांकडे बघितलं, तिनं मला बघताना बघितलं, आणि म्हणाली, "आई, चाळीस जास्त होते."

मी तिला विचारायच्या गोष्टी जून महिन्यापासून मनात रचून ठेवल्या होत्या. मळा कुठं आहे. काय करायला लावलं. माझं बोलणं कुणी वाचून दाखवलं, कसं, तिला काय वाटलं. मला क्षमा केली का. एकही विचारली नाही. हात धुवायला सांगितलं आणि तिच्या खुर्चीवरची चमकी झटकली.

ती बसून जेवली. बिस्किटांवर घालून, सावकाश. मध्येच थांबून म्हणाली, "तिसऱ्या पाकिटात काय आहे ते मला माहितीय. तिथं सफाई मीच करायचे. सांगू?"

देवा. अठरा हजार, त्यात एक अख्खी बोट. जीभ अगदी टोकाला आली होती.

म्हटलं, आधी खा.

मग तिनं ताट सरकवलं आणि आपण होऊन बोलायला लागली. पाकिटाचं नाही, तिचं स्वतःचं. पहिल्या दिवसापासून. मी शिवण हातात घेतली, पण एकही टाका घातला नाही. ऑर्विल तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. दुपारची सावली दारापासून चुलीपर्यंत आली तरी ती बोलतच होती, आणि तो एकदाही पेंगला नाही.